गुडघा एक म्हणतो, रक्त दुसरं

चर

त्या पावसाळ्यात आमच्या जळगावच्या कॉलनीत टेलिफोनच्या केबलसाठी चर खणून ठेवले होते. खणणारे खणून गेले आणि केबल टाकणारे आलेच नाहीत. चिंगी, आमची कुत्री, एका डुकराच्या मागे धावली आणि त्या चरात पडली. वर आली ती तीन पायांवर. मागचा उजवा पाय तिने पोटाशी घेतला होता आणि माझ्याकडे अशी बघत होती, जसा काही तो मीच उचलून ठेवलाय.

दुसऱ्या कुणाची कुत्री असती तर गोष्ट इथेच संपली असती. दवाखान्यात न्यायचं, दुखण्याचं इंजेक्शन द्यायचं, घरी यायचं. चिंगीला ते चालत नव्हतं. तिला आधीचाच एक आजार होता आणि त्या आजाराची गोळी रोज पोटात जात होती. नवं काही द्यायचं तर जुन्याला विचारूनच द्यावं लागे.

हे मी त्या पावसाळ्यात किती जणांना सांगितलं असेल. मला मुळात बोलायला नको वाटतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे परक्या माणसाशी बोलायचं झालं की वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळतं, मग मराठीत येतं, आणि तोवर समोरचा पुढचं बोलून मोकळा झालेला असतो. लिहिताना कुणी मध्ये बोलत नाही, म्हणून लिहिते आहे. एकाच अंगात जुनं दुखणं आणि नवं दुखणं अशी दोन्ही सांभाळणारं कुणी असेल, तर त्याला हे वाचून निदान आपण एकटे वैतागलेलो नाही एवढं तरी कळेल.

रवा

जुन्या दुखण्याचं आधी सांगते. आदल्या उन्हाळ्यात चिंगी दोन पायऱ्या चढून मध्येच बसायला लागली. "ऊन आहे," आई म्हणाली. ते खरंही होतं, जळगावच्या मे महिन्यात माणसंही मध्येच बसतात. मग तिची लघवी चहाच्या रंगाची झाली. ओठ वर करून पाहिलं, तर हिरड्या चुना दिलेल्या भिंतीसारख्या.

जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात गोचिडीचा ताप समजून इंजेक्शनं दिली. तिथे म्हशी आणि बैल येतात. मांडीवर कुत्री घेऊन रांगेत बसलेली मुलगी बघून लोक हसायचे, आणि मी चिंगीच्या कानांकडे बघत बसायचे. चिंगी उतरतच गेली. शेवटी पप्पांच्या ऑफिसातल्या एकाने धुळ्याच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. मुंबईला जनावरांच्या कॉलेजात शिकवून ते निवृत्त झाले होते आणि धुळ्याला आपल्या घराच्या पुढच्या खोलीत कुत्री-मांजरं बघायचे.

त्यांनी चिंगीच्या रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि पट्टी खिडकीकडे तिरकी धरली.

"बघ. काय दिसतं?"

मला आधी 'सेमोलिना' आठवलं. "रवा," मी म्हटलं.

"बरोबर. पेशी एकमेकींना चिकटल्यात. हिच्या शरीराला हिचंच रक्त परकं वाटायला लागलंय. तेच ते मोडून टाकतंय."

"म्हणजे बाहेरून काही झालेलं नाही?" पप्पांनी विचारलं.

"नाही हो. चोर घरातलाच आहे."

परतीच्या बसमध्ये पप्पा एरंडोल येईपर्यंत तिकिटाच्या घड्या घालत राहिले. एरंडोलला म्हणाले, "आईला जरा सांभाळून सांग." म्हणजे सांगायचं मीच होतं.

गोळ्यांनी ती वाचली. शरीराची ही उलटी चाल त्या गोळ्या दाबून धरायच्या. त्याच गोळ्यांनी तिला तहान लागायची, भूक लागायची, आणि बैठकीत, पलंगाखाली, कुठेही लघवी व्हायची. आई फरशी पुसत राहायची आणि घराला कायमचा फिनाईलचा वास आला. चिंगीचं पोट सुटलं. येणारे-जाणारे म्हणायचे, "चांगली माजलीय." आई पुसायचं फडकं पिळत म्हणायची, "हो ना."

नाही म्हणायचं

चरात पडल्यावर तिला पुन्हा धुळ्याला न्यायचं ठरलं. एसटीत कुत्री न्यायची म्हणजे प्रत्येक कंडक्टर आपला वेगळा नियम सांगतो.

"टोपलीत काय आहे?"

"कुत्री," पप्पा म्हणाले.

"कोंबडी असती तर सांगता आलं असतं. कुत्रीचं काय करायचं ते मला माहीत नाही."

मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना भाऊ. तुनापेक्षा गुपचूप बठेल शे ती."

बस हसली. कंडक्टरने पप्पांकडे न बघता घंटी ओढली.

डॉक्टरांनी गुडघा धरून पुढे-मागे करून पाहिला. चिंगीने माझा हात तोंडात धरला, पण चावली नाही.

"गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारी दोरी तुटलीय. या गोळ्यांनीच ती नरम झाली असणार."

"दुखण्यावर काही?" मी विचारलं.

"नाही. या गोळीच्या जोडीला ते दिलं तर पोटात जखमा होतात, रक्त आतल्या आत जातं. हिच्याकडे घालवायला रक्त नाही."

"मग ऑपरेशन?" पप्पा म्हणाले.

"या गोळीवर जखम लवकर भरत नाही."

"गोळी कमी केली तर?"

"तर रक्त पुन्हा उतरेल." त्यांनी हात धुतले आणि पंच्याला पुसले. "आराम. तेवढंच आपल्या हातात आहे. उडी नाही, पायरी नाही, धावणं नाही. बाहेर फक्त लघवीला आणि तेही पट्टा लावून. आणि कुणी काही सुचवलं की नाही म्हणायचं. जमेल?"

नाही म्हणणं हीच एक गोष्ट मला कधी जमली नव्हती. मी हो म्हटलं.

बाजेमागे

पप्पांनी बैठकीच्या कोपऱ्यात बाज आडवी उभी करून चिंगीला जागा करून दिली. आराम हा शब्द कुत्र्यांसाठी नाहीच. दारावरून कुणी गेलं की ती उठे, पाय टेके, कळवळे, बसे. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचे आणि त्याच पानावर असायचे.

सगळ्यांकडे उपाय होते. समोरच्या काकू त्यांच्या गुडघ्याची गोळी घेऊन आल्या.

"अर्धी दे. मला तासाभरात फरक पडतो."

"नको काकू. तिला चालत नाही."

"अगं माणसाला चालते ती कुत्र्याला चालत नाही का?"

त्या दुपारी चिंगी फार कण्हत होती. मी स्वयंपाकघरात गेले, तर आईने ती अर्धी गोळी दह्यात घातलेली.

"आई."

"ऐकवत नाही मला." तिने वाटी माझ्याकडे सरकवली. "तुझे डॉक्टर धुळ्याला आहेत. इथे ऐकायला मी आहे."

मी दही फेकून दिलं. आम्ही दोघी दुसऱ्या दिवसापर्यंत एकमेकींशी फक्त भाजी आणि पाणी एवढंच बोललो. मला राग आईचा नव्हता. गुडघ्याला जे हवं ते रक्ताला नको, आणि रक्ताला जे हवं ते गुडघ्याला नको, याचा होता. कुणावर काढावा असं त्या रागाला कुणी सापडत नव्हतं.

रोट

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या भाऊबंदांत कानबाई बसते. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी, नानांच्या घरी. नाना म्हणजे पप्पांचे थोरले चुलतभाऊ. नारळाला डोळे, नथ आणि दागिने घालून देवी मांडतात आणि भाऊबंद जिथे असतील तिथून त्या रविवारी गावी यावंच लागतं. त्या दिवसाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडाही देत नाहीत.

चिंगीला समोरच्या काकूंकडे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. टोपलीतून तीही आली.

संध्याकाळी गोळीची वेळ झाली. गोळी कशात तरी गुंडाळून द्यावी लागे आणि घरात रोटाशिवाय दुसरं काहीच केलेलं नव्हतं. मी शिळी भाकरी आहे का विचारत होते, तेवढ्यात नानांनी रोटाचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.

"रोट कुत्राले?" नानी चुलीपासून म्हणाल्या. "काय बोली ऱ्हायनात तुम्ही?"

"मंग ती बाहेरनी शे का?" नाना म्हणाले. "आपला घरनी शे. दे माय, गोयी टाक आनि दे."

नानी पुटपुटल्या, पण उठल्या नाहीत. चिंगीने रोट गिळला आणि नानांच्या पायाशी जाऊन बसली.

"लंगडस कसाले?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. चर, दोरी, रक्त, गोळी. नाना मध्ये एकदाही बोलले नाहीत. माझं एवढं लांब बोलणं त्या घरात कुणी ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

"म्हणून दुखण्यावर तिला काहीच औषध द्यायचं नाही," मी शेवटी म्हटलं. "गोळी नाही, इंजेक्शन नाही."

"औषध बिलकूल नही?"

"बिलकूल नाही."

"बरं," नाना म्हणाले आणि बराच वेळ तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मला बरं वाटलं. एका तरी माणसाला पूर्ण कळलं होतं.

बिब्बा

सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन बायका वाजतगाजत नदीवर गेल्या. आई मला घेऊन गेली. पुरुष मागून आले. नानांचे गुडघे धरलेले, म्हणून ते घरी थांबले. "मी शे ना चिंगीजोडे," ते म्हणाले.

परत आलो तेव्हा ओसरीवर तेल जळल्यासारखा वास होता. चिंगी पोत्यावर पडून पाय चाटत होती. तिच्या गुडघ्याभोवती काळ्या ठिपक्यांचं कडं होतं. गोंदल्यासारखं, एकसारख्या अंतराने, अगदी मन लावून काढलेलं. शेजारी दिवा, सुई आणि बिब्ब्याचं फळ. दिव्यावर तापवलेली सुई त्या फळात खुपसायची आणि निघालेल्या तेलाचा चटका द्यायचा. बैलाच्या लंगड्या पायाला देतात तसा.

"व्हयी गयं," नाना खुशीत म्हणाले. "चार दिनमा पयाले लागी."

"नाना, मी सांगितलं होतं."

"सांगं ना माय. औषध देवानं नही. मी कोठे औषध दिधं? हाऊ तं बिब्बा शे."

त्यांनी धोतर वर केलं. दोन्ही गुडघ्यांवर तशीच कडी. काही जुनी, फिकट, काही ताजी.

"मना बी दखी ले. मनी मायनी दिधा व्हता पहिला."

माझी सगळी वाक्यं तयार होती, इंग्रजीत, एकाखाली एक. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून त्यातलं एकही मराठीत येईना. नानी खोबरेल घेऊन आल्या आणि चिंगीचा पाय पुसायला लागल्या. पुसता पुसता एकदाच नानांकडे वर बघितलं. त्या घरात माझ्या बाजूने तेवढंच झालं.

तुकडे

ठिपक्यांचे फोड झाले, फोड एकमेकांना मिळाले, आणि गुडघ्याभोवती उघडी जखम झाली. चाटून चाटून तोंडातही फोड आले. पप्पांनी जुन्या प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून ती चिंगीच्या गळ्यात बसवली. ती बादली घेऊन दाराच्या चौकटीला अडकायची आणि तशीच उभी राहायची, कुणीतरी येऊन सोडवेपर्यंत.

धुळ्याच्या डॉक्टरांनी जखम बराच वेळ पाहिली. "बिब्बा," ते म्हणाले. "मुंबईला हे शिकायला मिळालं नसतं." पण हसले नाहीत. "आता गोळी कमी करावीच लागेल. ही जखम चिघळली तर हीच तिला घेऊन जाईल. थोडी थोडी कमी करू. रोज हिरड्या बघायच्या. फिकट झाल्या की मला फोन."

हे ऐकायला सोपं होतं. रोज सकाळी खिडकीपाशी चिंगीचा ओठ वर करायचा आणि तिघांनी बघायचं.

"गुलाबी आहे," आई म्हणायची.

"गुलाबी? पांढरट आहे," पप्पा.

"तुम्हाला सगळंच पांढरट दिसतं."

मला काल कसं होतं तेच आठवायचं नाही. मग मी एसटीडी बूथवर जायचे आणि डॉक्टर विचारायचे, "फिकट म्हणजे किती?" मी म्हणायचे, "थोडं." ते म्हणायचे, "थोडं म्हणजे किती?" बूथवाला काचेबाहेरून मीटरकडे बोट दाखवायचा.

एका सकाळी आई वैतागून उठली, पिशवी घेतली आणि बाहेर गेली. आली ती मॅचिंग सेंटरमधून. ब्लाउजपीसच्या दुकानात साडीचा पदर दाराबाहेर उजेडात नेऊन रंग जुळवतात, ट्यूबखाली खोटा दिसतो म्हणून. आईने गुलाबी रंगाचे कापडाचे तुकडे आणले होते. अगदी फिकटापासून गडदपर्यंत, आणि प्रत्येकाचे दोन.

"एक घरात ठेव, एक त्या डॉक्टरांना पाठव," ती म्हणाली. "आणि आता माझ्या नवऱ्याशी रोज भांडायला लावू नकोस."

तुकड्यांवर गडदापासून आकडे घातले. डॉक्टरांचा संच धुळ्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर गेला. त्यानंतर माझे फोन फार सोपे झाले.

"कुठला?"

"दुसरा."

"छान. ठेव."

बूथवाल्याने एकदा विचारलं, "ताई, साड्यांचा धंदा काढला का?" मी हो म्हटलं. समजावत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

गोळी आणखी कमी झाली. जखमेच्या कडा आत सरकायला लागल्या. आणि मग एका सकाळी हिरड्या दुसऱ्या तुकड्याशी जुळेनात. तिसरा लावला. तो जुळला.

"जखम किती राहिली?" डॉक्टरांनी विचारलं.

"रुपयाएवढी."

"आता गोळी वाढवली तर ती पुन्हा उघडेल. नाही वाढवली आणि रक्त असंच उतरलं, तर..." ते थांबले. "मी इथून बघू शकत नाही. तू रोज बघतेस. तू सांग, थांबायचं?"

मी बूथमध्ये उभी होते. काचेला माझा श्वास लागला होता. "थांबू," मी म्हटलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आले तर बैठकीत नाना, चिंगीला बघायला गावाहून आलेले. बाजेमागे, चिंगीशेजारी जमिनीवर बसलेले, आणि तिची बादली स्वतःच्या मांडीवर टेकवून धरलेली.

"अजून जखम भरनी नही का?" त्यांनी जखमेकडे बोट केलं.

"नाना, ही जखम बिब्ब्याने झाली," मी म्हटलं. "तिच्या गोळीवर जखम भरत नाही. आता जखमेसाठी गोळी कमी केली, तर रक्त उतरतंय."

"डाक्टर म्हनस?"

"मी म्हणतेय."

स्वयंपाकघरात आईचं भांडं वाजायचं थांबलं. नाना चिंगीच्या कानामागे खाजवत राहिले. "तवय का नही बोलनी?"

"बोलले होते. तुम्ही सगळं ऐकलं होतं. औषध नाही म्हटलं, म्हणून तुम्ही औषध नसलेलं दिलंत."

मी कधी कुणाला असं बोलले नव्हते, आणि बोलून झाल्यावर घरातलं काही पडलंही नव्हतं.

"मंग आते काय करू?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. काम मागत होते.

मी त्यांना तुकडे दिले. "रोज सकाळी ओठ वर करून हे लावायचे. मला आता माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. तुम्ही सांगा."

ते राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिंगीला उचलून दारात नेलं, बादली काढली, ओठ वर केला. पहिल्यापासून एकेक तुकडा लावून बाजूला ठेवला, घाई नाही. "हाऊ जुयस," ते म्हणाले. हा जुळतो. तिसरा. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिसरा. उतरलं नव्हतं. नंतरच्या एका सकाळी त्यांनी तिसरा हातात धरून मान हलवली आणि दुसरा मागितला. आई पदराला हात पुसत आली. पप्पा दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन आले. यावेळी कुणी कुणाशी भांडलं नाही.

नाना गावी गेले तेव्हा तो दुसऱ्या क्रमांकाचा तुकडा मागून घेऊन गेले.

श्रावण

चिंगी बरी झाली असं मला म्हणता येत नाही. गोळी कमी झाली, पण सुटली नाही. गुडघा जुळला तो वाकडाच, आणि पाऊस आला की ती अजून तीन पायांवर येते. ठिपक्यांच्या जागी केस आले नाहीत. असं दुखणं कुणाच्या वाट्याला आलं, तर शेवट शोधू नका. कालच्याशी आज जुळतंय का, एवढंच बघा. आणि तुमच्या माणसांना काय द्यायचं नाही हे सांगून थांबू नका. काय करायचं तेही सांगा. त्यांना काहीतरी करायचं असतं.

पुढच्या कानबाईला आम्ही गावी पोचलो, तेव्हा नाना ओसरीवर बसून स्वतःच्या गुडघ्यासाठी सुई तापवत होते. चिंगी लंगडत त्यांच्याकडे गेली. त्यांनी घाईने दिवा फुंकला आणि बिब्बा वर कोनाड्यात ठेवला.

"तुनं काम नही हाई," ते तिला म्हणाले.

मग टोपी काढून तिच्या आतून गुलाबी तुकडा काढला आणि चिंगीचा ओठ वर केला. वर्षभर घाम लागून त्याचा रंग उडाला होता. त्या फिकट तुकड्याशी जुळवलं असतं, तर चिंगी मरेपर्यंत ठीकच दिसली असती.

"नाना, तो नको," मी म्हटलं. वाक्य जुळवावं लागलं नाही. "रंग उडालाय त्याचा."

"मंग नवा दे."

आईने त्याच्या जागी आणलेला नवा मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तिला दाराच्या उजेडाकडे वळवलं, तुकडा हिरडीला लावला, डोळे बारीक केले.

"जुयस," ते म्हणाले, आणि रोट आणायला आत गेले.